आपल्या घरातील रंगीत छायाचित्रांचे आयुष्य

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्तारून)



या व्याख्यानमालेत आजवर धम्म, संविधान, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. आमचा विषय त्या मानाने घरगुती आहे. आपल्या कपाटात, माळ्यावर, दिवाणाच्या खणात जे रंगीत फोटो पडून आहेत त्यांचा रंग का उडतो, किती वेगाने उडतो आणि तो जाण्यापूर्वी आपल्याला काय करता येईल, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. रसायनशास्त्रज्ञाचा आव आणणार नाही. परंतु हा प्रश्न एकट्यादुकट्या घराचा नसून आपल्या चळवळीच्या इतिहासाचा आहे असे वाटल्यावरून जे वाचले, जाणकारांना विचारून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

या स्मरणिकेसाठी मंडळाने ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथील सभासदांकडून जुने फोटो मागविले होते. ते आम्ही सालवार लावले तेव्हा उलटाच प्रकार दिसला. जुने ते चांगले आणि नवे ते खराब! धम्मदीक्षेनंतरच्या चार-पाच वर्षांतले कृष्णधवल फोटो पाहा. कडा पिवळ्या, कोपरे वाळवीने कुरतडलेले, पण माणूस ओळखू येतो. पांढरे पातळ पांढरेच आहे, डोळ्यांतला भाव जागेवर आहे. त्याउलट १९७८ ते १९८५ या काळातले रंगीत फोटो घ्या. सगळे तांबूस, गुलाबी. झाडे विटकरी झाली आहेत. निळा झेंडा गुलाबी झाला आहे. मोर्चाच्या एका फोटोत पुढच्या रांगेतल्या सात-आठ बायांपैकी आपली थोरली बहीण कोणती हे एका आजींना सांगता येईना. चेहरे सगळे एकाच तांबड्या रंगात विरघळून गेले आहेत. आणि हा फोटो त्यांनी उन्हात टाकला नव्हता, भिंतीवर टांगला नव्हता. लुगड्याच्या घडीत, ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवला होता.

असे का व्हावे? त्यासाठी फोटो कशाचा बनतो ते पाहावे लागेल.

कृष्णधवल फोटोत जो काळा रंग दिसतो तो रंग नसतोच, ती चांदी असते. कागदावर किंवा फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार असतात. जेथे उजेड पडला तेथे डेव्हलपर त्या क्षारांचे धातुरूप चांदीत रूपांतर करतो. चांदीचे हे बारीक कण म्हणजेच चित्र. स्टुडिओवाल्याने हायपो नीट धुऊन काढला असेल आणि ओल लागली नसेल तर असा फोटो शंभर वर्षे सहज काढतो.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून करतात. ज्या हाडा-कातड्यांच्या कामासाठी आमच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याच हाडांच्या खळीत या देशातील सर्व जातींच्या लग्नामुंजींचे फोटो बसलेले आहेत. विटाळ कोणालाच झालेला दिसत नाही. असो.

रंगीत फोटोत मात्र शेवटी चांदी उरतच नाही. तेथे एकावर एक तीन थर असतात. डेव्हलपिंग होताना चांदी बनते, आणि ती बनविताना जो डेव्हलपर खर्ची पडतो तो थरात आधीच घालून ठेवलेल्या कपलर नावाच्या द्रव्याशी जोडला जाऊन रंजक तयार होते. एका थरात पिवळे, दुसऱ्यात मॅजेंटा म्हणजे आपल्या भगिनी ज्याला राणी कलर म्हणतात ते, आणि तिसऱ्यात सायन म्हणजे साधारण आकाशी. फोटोतले बाकीचे सगळे रंग या तिघांच्या मिश्रणातून होतात. त्यानंतर ब्लीच करून चांदी काढून टाकतात. चांदी येथे मुकादमासारखी आहे. काम करून घेते आणि हिशेब होताच निघून जाते. ही युक्ती रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९११-१२ च्या सुमारास मांडली आणि १९३६ मध्ये आगफा कंपनीने ती बाजारात आणली. आपल्या घरात जे रंगीत प्रिंट आणि निगेटिव्ह आहेत ते बहुतेक सर्व याच वंशातले.

आता डोंबिवलीकरांना रंजक म्हणजे काय हे आम्ही वेगळे सांगायला नको. तेथील एमआयडीसीत रंग आणि रंगांची कच्ची द्रव्ये बनविणारे कारखाने आहेत, आपले कितीतरी बांधव तेथे पाळीवर गेलेले आहेत. जानेवारी २०१४ मध्ये तेथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ताच गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहणीस यावे लागले. हे पाहिले की वाटते, रंग ही घालवू म्हटले तरी न जाणारी वस्तू आहे. मग फोटोतलाच रंग एवढा नाजूक का? कारण असे की कापडाचा रंग कारखान्यात तयार करून, उन्हापाण्यात तपासून, टिकाऊ असेल तो निवडून घेता येतो. फोटोतले रंजक थराच्या आतच, तेथल्या तेथे, काही मिनिटांत जन्माला यावे लागते. त्या घाईत जे रसायन बसते तेच घ्यावे लागते. टिकाऊपणा हा विचार कंपन्यांनी पुष्कळ वर्षे मागेच ठेवला होता.

रंग उडण्याचे मार्ग दोन. उजेडाने रंग उडतो हे सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवरच्या जुन्या फोटोत बहुधा राणी रंग आधी जातो आणि चित्र हिरवट-पिवळट दिसू लागते. दुसरा मार्ग पुष्कळांना पटत नाही, तो म्हणजे अंधारातला. उष्णता आणि दमटपणा यांनी रंजकाचा रेणू आपोआप मोडत जातो. पेटीत ठेवा, कुलूप लावा, तो मोडतच राहतो. जुन्या कागदांत या मार्गाने आकाशी रंग सर्वांत आधी जाई. आकाशी गेला की उरतात पिवळा आणि राणी, आणि ते दोन मिळून होतो तांबडा. त्या आजींच्या ट्रंकेत हेच झाले. शिवाय न वापरला गेलेला राणी रंगाचा कपलर कागदात पडून राहतो आणि काळाने स्वतःच पिवळा पडतो. पांढऱ्या पातळाला हळदीसारखी छटा येते ती त्यामुळे.

येथे सालांचा एक दुर्दैवी योग आहे, तो नीट ध्यानात घ्यावा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर गावोगाव घरे जळाली, १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षांचा हा लढा. याच काळात आपल्या वस्त्यांत रंगीत फोटो आला. प्रथम लग्नापुरता, स्टुडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात, आणि पुढे घरच्या साध्या कॅमेऱ्यात. ठराव झाला त्या वेळचे रंगीत कागद अंधारात टिकण्याच्या दृष्टीने फार कच्चे होते. १९८४ च्या सुमारास जपानच्या कोनिका कंपनीने शंभर वर्षे टिकणारा म्हणून जाहिरात करीत नवा कागद आणला, कोडॅकनेही आपला सुधारला. म्हणजे लढ्याची पहिली सहा-सात वर्षे नेमकी कच्च्या कागदावर उतरली आहेत. त्या वेळचे रंगीत फोटो आपल्याकडे मुळातच थोडे, आणि जे थोडे आहेत तेच आधी चालले आहेत. १९९०-९१ च्या जन्मशताब्दी वर्षाचे फोटो त्या मानाने बरे आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ताडून पाहावे.

वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्या काळी कृष्णधवल फोटो काढले, ते टिकतील. पण त्यांत दिसतात पुढारी, व्यासपीठ आणि पोलीस. ज्या बाया भाकरी बांधून मोर्चाला गेल्या, ज्या पोरांनी कारखान्याची पाळी बुडवून बस भरल्या, ते आहेत फक्त आपल्या घरच्या अल्बममध्ये. सरकारी दप्तरात त्यांची नोंद असेल तर ती अटकेच्या यादीत.

हा अनुभव केवळ गरिबांच्या वाट्याला आला असे समजू नये. अमेरिकेत १९४२ पासून पुढे दहा-बारा वर्षे निघालेले कोडॅकलर प्रिंट जवळजवळ सगळेच डागाळून फिके पडले आहेत. एका अख्ख्या पिढीचे बालपण गेले. १९५० मध्ये आलेल्या ईस्टमनकलर फिल्मवरचे सिनेमे वीस-पंचवीस वर्षांत गुलाबी पडले. पोरसवदा असताना आपण गणपतीत, जयंतीत पडद्यावर पाहिलेले जुने रंगीत चित्रपट आठवा. नायिकेच्या साडीपासून आभाळापर्यंत सारे गुलाबी असे, आणि आपल्याला वाटे की प्रोजेक्टर खराब आहे! १९८० मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी या दिग्दर्शकाने पुढाकार घेऊन जगभरातील चित्रपटकारांच्या सह्यांनिशी कोडॅककडे तक्रार मांडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत टिकाऊ प्रिंट फिल्म आली. जे काम रसायनाला जमत नव्हते ते सह्यांनी लवकर झाले. निवेदनाची ताकद आपल्याला नवी नाही.

त्याच अमेरिकेत टेक्निकलर नावाची जुनी पद्धत होती. तीत तिन्ही रंगांची नोंद तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फिल्मवर, म्हणजे चांदीत होई, आणि छापताना बाहेर तयार केलेला पक्का रंग फिल्मवर उमटवीत. 'मदर इंडिया' या १९५७ च्या चित्रपटाच्या प्रती टेक्निकलरमध्ये छापल्या होत्या. तशा प्रती आजही टवटवीत राहतात. आजही एखाद्या रंगीत चित्रपटाची शंभर वर्षांची बेगमी करायची तर मोठे स्टुडिओ त्याचे तीन रंग वेगळे करून तीन कृष्णधवल फिल्मवर उतरवतात. रंग राखायचा तर तो चांदीच्या हवाली करावा लागतो.

या दृष्टीने पाहता १९५६ साल आपल्यासाठी भाग्याचे म्हणायचे. १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, ७ डिसेंबरला मुंबईत अंत्ययात्रा निघाली. ती अंत्ययात्रा नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली. तो जनसागर आज आपण पाहतो तो कृष्णधवल फिल्ममुळे. त्या वेळी रंगीत फिल्म मिळती आणि परवडती तर आज कदाचित गुलाबी धुकेच पाहावे लागले असते. दारिद्र्याचे फायदे सांगू नयेत, परंतु हा एक झाला खरा.

भिंतीवरच्या तसबिरींचे निराळे आहे. बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे जे छापील फोटो आपण लावतो ते छपाईच्या शाईचे असतात, फोटोग्राफीच्या रंजकांचे नव्हेत. खिडकीसमोरची अशी तसबीर काही वर्षांत निळी पडते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. छपाईची आकाशी शाई तांब्याच्या एका संयुगाच्या भुकटीची असते, ती फार चिवट. पिवळी आणि राणी शाई उन्हात आधी जातात. फोटो तांबडा पडतो आणि तसबीर निळी पडते ती यामुळे. तसबीर नवी आणता येते, तिची काळजी करू नका. फोटोचे तसे नाही.

रंग टिकविण्याचा विषय निघाला की आम्हांस अजिंठा आठवतो. तेथील भित्तिचित्रांत पिवळी आणि तांबडी गेरू, हिरवी माती, काजळी, चुना आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द दगड आहे. म्हणजे माती आणि दगडच. म्हणून ते दीड हजार वर्षे राहिले. परंतु सांगायचे ते पुढे आहे. इंग्रजांच्या नजरेस ही लेणी १८१९ मध्ये पडली. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या आणि लंडनला पाठविल्या. १८६६ मध्ये तेथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षे पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. लेणी मात्र जागेवर होती. म्हणून सांगतो, मोबाइलवर नक्कल घेतली म्हणजे मूळ फोटो रद्दीत टाकण्याची जी घाई हल्ली दिसते ती करू नये. आणि उलटही खरे. अजिंठ्याच्या भिंतीवरचे जे भाग नंतर झडले ते ग्रिफिथ्सच्या उरलेल्या नकलांतच पाहायला मिळतात. मूळ हवे आणि नक्कलही हवी.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, सर्व संस्कार अनित्य आहेत, भगवान बुद्धांनीच सांगितले, मग फोटोचा एवढा मोह कशाला? धम्माचा असा वापर आळसाला झाकण म्हणून करणे आम्हांस मान्य नाही. अनित्यता जाणणाऱ्यांनीच स्तूप बांधले. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले, आता पालघरमध्ये गेलेले सोपारा घ्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक बसविलेले करंडक होते आणि सर्वांत आत, सोन्याच्या करंडकात, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. खापराच्या तुकड्यांसाठी केवढा तो बंदोबस्त! फोटो जपण्याची आजची शास्त्रीय पद्धतही हीच आहे. फोटोला पारदर्शक पाकीट, पाकिटाला कागदी लिफाफा, लिफाफ्याला खोका, खोक्याला कपाट. प्रत्येक आवरण उष्णतेचा आणि दमटपणाचा चढउतार थोडा थोडा अडवते.

आता आपल्या घरांकडे येऊ. रंजकाचा शत्रू क्रमांक एक म्हणजे उष्णता. साधारणपणे पाच-सहा अंश तापमान उतरले की रंगाचे आयुष्य दुप्पट होते, आणि तेवढेच चढले की निम्मे. आपण फोटो ठेवतो कोठे? माळ्यावर, पत्र्याच्या खाली. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर असतो. घरातली सर्वांत तापणारी जागा आपण सर्वांत मौल्यवान वस्तूसाठी निवडली आहे! ट्रंक खाली आणा. जमिनीला टेकवू नका, बाहेरच्या भिंतीला लावू नका, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. आतल्या भिंतीचे लोखंडी कपाट, त्यातला मधला कप्पा, ही आपल्या ऐपतीतली उत्तम जागा. परदेशांतील संग्रहालये रंगीत फिल्म शून्याखाली ठेवतात. आपण किमान माळा सोडावा.

दुसरा शत्रू दमटपणा. खाडीचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्या भागात बुरशी धरते आणि ती जिलेटिन खाते. पावसाळ्यात अल्बम चाळू नयेत. पुष्कळ घरांत दिवाळीनंतर पापडांप्रमाणे फोटोही उन्हात घालतात, तसे करू नका. पौष-माघातल्या कोरड्या दिवशी पंख्याखाली, सावलीत हवा द्यावी. डांबराच्या गोळ्या फोटोत ठेवू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ती उष्णता आणि तो गोंद यांतून फोटो पुन्हा सोडविता येत नाही. तीच गोष्ट चिकट पानांच्या त्या जाड अल्बमची. वर प्लास्टिक आणि खाली गोंदाचे पट्टे असलेले ते अल्बम एके काळी आहेरात हमखास येत. फोटो सुटत असेल तर दातांचा रेशमी दोरा मागून अलगद फिरवून सोडवा. सुटत नसेल तर ओढाताण न करता पानासकट ठेवा आणि पानासकटच नक्कल घ्या.

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, बदलापूर आणि उल्हास नदीकाठच्या किती घरांतले अल्बम गेले याची मोजदाद कोणी केली नाही. पंचनाम्यात भांडी आली, गाद्या आल्या, फोटोंचा रकाना नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर एक लक्षात ठेवावे. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. वाळले की वीट होते. ओले असतानाच स्वच्छ पाण्याच्या परातीत सोडवा, चित्राच्या बाजूला बोट न लावता, आणि एकेक सुटा करून, तोंड वर ठेवून सावलीत वाळवा. हे दोन दिवसांच्या आत करावे लागते.

सर्वांत महत्त्वाची सूचना निगेटिव्हची. लॅबमधून फोटोबरोबर त्या नारिंगी-तपकिरी पट्ट्या येत. पुष्कळांनी ग्रहण पाहायला वापरल्या, पोरांना खेळायला दिल्या. (त्यातून ग्रहण पाहणे डोळ्यांना घातक आहे, तेही सांगून ठेवतो.) फोटोचा कागद आणि निगेटिव्ह यांतली रंजके वेगवेगळी असतात. प्रिंट गेला तरी निगेटिव्ह शाबूत असू शकते. फिल्म धुताना शेवटी स्टॅबिलायझर नावाचे एक पाणी असे, त्याने राणी रंग पक्का होई. लॅबने ते नीट वापरले असेल तर ती पट्टी आजही चांगली छापली जाईल. पट्टी कापू नका, कडेने धरा आणि ज्या पाकिटात ती आली ते पाकीट फेकू नका. त्यावर तारीख असते.

रंग उडालेल्या फोटोला रसायनाने पुन्हा रंग आणता येत नाही. संगणकावर येतो, पण तो केवळ उरलेल्या रंगाचा हिशेब वाढवून. आकाशी रंगाची दहा टक्के शिल्लक असली तरी संगणक त्यावरून मूळ आकडा काढू पाहतो. शिल्लक शून्य झाली की मग तो अंदाज लिहितो, आणि अंदाजाने लिहिलेल्या खातेवहीला काय किंमत असते हे आम्ही बँकवाले जाणतो. म्हणून नक्कल आज घ्यावी, शिल्लक आहे तोवर. स्कॅनर मिळाल्यास उत्तम. मोबाइलने घ्यायची तर खिडकीजवळ, सावलीत, फ्लॅश बंद करून, आणि मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठविला की तो आकसतो. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी सगळे सीडीवर भरून निश्चिंती मानली त्यांनी ती सीडी आजच लावून पाहावी. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडीतही एक रंजकाचा थर असतो, त्यावरच माहिती लिहिली जाते, आणि तोही फिका पडतो. फोटोच्या रंगाला कंटाळून आपण सीडीकडे गेलो आणि तेथेही रंगच भेटला! दोन हार्ड डिस्क असाव्यात, आणि दोन वेगळ्या घरांत, शक्य तर वेगळ्या गावांत.

आता नावांविषयी. रंग जाण्याआधी नाव जाते. आलेल्या फोटोंपैकी बहुतेकांच्या मागे काहीच लिहिलेले नव्हते. कान्हेरीच्या लेण्यांत जा. तेथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहे. कोण, कोणाचा, कोठला, धंदा काय आणि दान काय दिले, इतके सगळे दोन ओळींत. एक लोहार दान देतो आणि त्याचे नाव अठराशे-एकोणीसशे वर्षे राहते. आमच्या मोर्चातल्या बाईचे नाव चाळीस वर्षांत पुसले जाते, कारण कोणी लिहिलेच नाही. फोटोत कोण, डावीकडून कितवे, कोठे, कोणते साल, कशासाठी जमले, एवढे लिहा. जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने लिहावे. रंगीत फोटोची पाठ प्लास्टिकसारखी असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे उठतो. तेव्हा ते लिफाफ्यावर लिहावे, आणि लिफाफ्यात फोटो घालण्यापूर्वी लिहावे. बायकांची नावे "अमुकची मंडळी" अशी लिहू नका. तिचे स्वतःचे नाव, माहेरचे गाव, सारे लिहा. ज्यांना हे आठवते अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आठवडाभर दुपारी त्यांच्याजवळ बसावे लागेल.

मंडळाने ठरविले आहे ते असे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, हवा कोरडी व्हायला आणखी महिनाभर लागतो. त्यानंतरच्या चार रविवारी विहारात सकाळी दहा ते एक स्कॅनर लावला जाईल. १९७८ ते १९८५ चे रंगीत फोटो आधी घेतले जातील, लग्नाचे असले तरी चालतील, कारण मागे उभी असलेली वस्ती त्यातही येते. मूळ फोटो त्याच दिवशी, तुमच्यासमोर परत दिला जाईल. कोणाचाही फोटो मंडळ ठेवून घेणार नाही. सुती कापडात गुंडाळून आणा, पिशवीत घडी घालू नका, निगेटिव्ह असतील तर पाकिटासकट आणा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही रिक्षाने घेऊन या. रिक्षाचे भाडे मंडळ देईल.

नमो बुद्धाय, जयभीम.